कर्ज तिच्या नावावर, जमीन तुझ्या नावावर

"अक्का, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, वय ३२, बेळगावच्या उद्यमबागला एका फौंड्रीत आहे. घरात आई, बायको, साडेचार वर्षांचा मुलगा आणि धाकटा भाऊ. बाबा २०१९ ला गेले. तुमचं सदर बायको वाचते. मागे तुम्ही लिहिलेलं की स्त्रीवाद सगळ्यांसाठी आहे, ते तिनं मला वाचून दाखवलं. मला पटलं नाही म्हणून लिहितोय, राग मानू नका. आमच्याकडे बसला लेडीजना तिकीट नाही, आईला सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार, बचत संघात लोनसुद्धा लेडीजनाच, बायकोच्या नावावर साठ हजार काढलेत, आम्ही मागितलं तर कोण उभं करून घेत नाही. बहीण चंदगडला दिलीय, लग्नात साडेचार लाख घातले, आता जमिनीच्या कागदावर सही मागितली तर 'विचार करून सांगते' म्हणते. बायकोला बेळगावात एका शाळेत नोकरी मिळतेय, नऊ हजार, मी नको म्हटलं, लोक म्हणतील ह्याचं भागत नाही म्हणून बायकोला धाडतोय. ओव्हरटाइम चार महिने बंद आहे, घरी सांगितलेलं नाही, उगाच टेन्शन. धाकट्याला पाच वर्षं मुलगी बघतोय, शेती करतो म्हटलं की नको म्हणतात. लेडीजना एवढं सगळं मिळालं, मग गडीमाणसाचं काय? मला ह्यात काय मिळणार ते सांगा."

भावा,

राग कसला? असं सरळ लिहिणारं पत्र मला क्वचित येतं. तीनदा वाचलं. बस, गृहलक्ष्मी, बहिणीची सही हे सगळं तू मोठ्या आवाजात लिहिलंयस आणि मधेच हळूच एक ओळ टाकलीयस, ओव्हरटाइम चार महिने बंद आहे, घरी सांगितलेलं नाही. मला वाटतं तुझं पत्र त्या ओळीतच आहे. बाकीचं सगळं बघू, एकही मुद्दा सोडणार नाही, पण आधी हे.

फौंड्रीतल्या माणसाचं घर ओव्हरटाइमवर चालतं हे बेळगावात कुणाला समजावून सांगायला नको. बेसिक पगार किराणा, दूध, गाडीचं पेट्रोल ह्यात संपतो, आणि हप्ता, औषध, पोराची फी हे ओव्हरटाइमातून. म्हणजे चार महिने तू कुठून तरी भरून काढतोयस, मित्राकडून उसने, मोबाईलवरच्या लोनच्या ॲपमधून, काय माहीत. आणि अजून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना, ओव्हरटाइम बंद म्हणजे तू लवकर सुटतोस, आणि घरी कळलेलं नाही म्हणजे तू पूर्वीच्याच वेळेला घरी जातोस. मग मधले ते दोन-तीन तास तू कुठे काढतोस रे रोज? रेल्वेच्या तिसऱ्या गेटजवळ गाडीवर बसून? चहाच्या टपरीवर? चार महिने एक माणूस रोज संध्याकाळी रस्त्यावर वेळ घालवतोय, घर असताना, बायको असताना, साडेचार वर्षांचं पोर वाट बघत असताना, आणि कशासाठी, तर घरात कुणाला कळू नये की ह्याची कमाई कमी झाली.

हे तुला कुणी सांगितलं? कुणी सांगावं लागत नाही. गुडघा फुटला तरी "पोरीसारखा रडतोस काय" असं पाच वर्षांच्या पोराला म्हणतात ना, तिथून सुरू होतं. मग गडीमाणूस म्हणजे कमावणारा, गडीमाणूस म्हणजे कुणाकडे न मागणारा, त्यानं घाबरायचं नाही, दुखलं तर बोलायचं नाही. बायकांना चुलीपाशी कोंडणारं जे डोकं आहे ना, त्याच डोक्यानं तुला त्या गेटपाशी बसवलंय. बाईची जागा घरात, कमाई एकट्या पुरुषाची, हा एकच नियम आहे, तो तिला बाहेर जाऊ देत नाही आणि तुला घरी येऊ देत नाही. स्त्रीवाद ह्या नियमाशी भांडतो. तू विचारलंस मला ह्यात काय मिळणार, तर पहिल्यांदा तुला हे दोन-तीन तास परत मिळतील.

तुला घाबरवायला लिहीत नाही, पण लपवूनही ठेवणार नाही. २०२१ साली आपल्या देशात १,६४,०३३ लोकांनी स्वतःचा जीव घेतला आणि त्यातले १,१८,९७९ पुरुष होते, एनसीआरबीचा आकडा आहे, सरकारचाच. चारातले जवळजवळ तीन. त्यातल्या कितीजणांनी घरी काहीच सांगितलं नसेल ह्याचा विचार आला की मला झोप लागत नाही. तुझ्या मनात तसं काही असेल नसेल, नुसतं छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत असेल तरी १४४१६ ला फोन लाव, टेली मानस म्हणून सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत.

आता साठ हजारांकडे येऊ. तू लिहिलंस "संघात लोनसुद्धा लेडीजनाच" आणि तुझ्या मते ही त्यांची चैन आहे. बायकांना संघ कर्ज का देतो हे कधी नीट बघितलंयस का? दर आठवड्याला बैठक असते, दहा-पंधरा बायका एकमेकींच्या ओळखीवर असतात, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी तो उभा करायचा. बाई गाव सोडून पळत नाही, दारूत घालवत नाही, चारचौघीत मान खाली जाऊ नये म्हणून मंगळसूत्र ठेवून हप्ता भरते, हे त्यांना माहीत आहे म्हणून देतात. साठ हजार कशासाठी काढले ते तू लिहिलं नाहीस. मोटरसाठी असतील, गाडीसाठी असतील, नाहीतर बाबांच्या दवाखान्याचं जुनं देणं असेल. सही तिची आहे. तुझ्याकडून हप्ता चुकला तर बाकीच्या बायका तिच्या दारात येऊन बसणार, तुझ्या नाही, तू कामावर असशील. आणि ज्या कमाईच्या भरवशावर तिनं ती सही केली ती चार महिने कमी झालीय हे तिला ठाऊकच नाही.

म्हणजे बघ, तुमच्या घरात कर्ज तिच्या नावावर आहे आणि जमीन तुझ्या नावावर व्हायची आहे. ह्याला तू "लेडीजना सगळं मिळालं" म्हणतोयस. मी तुला दोष देत नाही, आपल्या भागात कितीतरी घरांत हेच आहे आणि कुणी दोन कागद शेजारी ठेवून बघत नाही. तू एकदा ठेव. संघाचं पासबुक आणि जमिनीचा उतारा, दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी ठेव, आणि कुठल्या कागदावर कुणाचं नाव आहे ते वाच.

बसचं म्हणतोस. शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली, तेव्हापासून गर्दी वाढलीय, कॉलेजची पोरं दाराला लोंबकळत येतात, बाप्या माणसानं पैसे देऊन उभं राहायचं आणि सीट नाही, ही तक्रार खरी आहे. पण मग गाड्या वाढवा म्हणून भांडायचं. बायकांचं तिकीट परत चालू करा म्हणून गाड्या वाढत नाहीत. एकदा सकाळच्या खानापूर–बेळगाव गाडीत शिरून बघ कोण कोण आहे. भाजीची बोचकी घेऊन रविवार पेठेला निघालेल्या आहेत, टिळकवाडीत भांडी घासायला जाणाऱ्या आहेत, सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला निघालेली म्हातारी आहे, तिनं दोन वर्षं डोळे दाखवले नव्हते कारण सुनेकडं तिकिटाला पैसे मागायला नको वाटायचं. मी स्वतः तिच्या शेजारी बसले होते, तिनं मला सांगितलं. तिकीट हातात घेऊन ते अगदी घडी घालून तिनं कनवटीला खोचलं, फुकटचं असलं तरी. घटनेत कलम १५ मध्ये भेदभाव करू नका म्हटलंय आणि त्याच कलमात तिसऱ्या पोटकलमात बायका-मुलांसाठी सरकार खास सोय करू शकतं असंही लिहिलंय, दोन्ही एकाच जागी, कारण लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की शर्यत एका रेषेवरून सुरू झालेलीच नाही. आणि तुझ्या बायकोचं, आईचं तिकीट आधी कुणाच्या खिशातून जायचं? तुझ्याच ना. गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात ते आई काय करते बघ. मी पैज लावून सांगते, पोराचं दूध, गॅस नाहीतर तुझ्याच घरातलं काहीतरी.

आता माझ्या घरातलं एक सांगते, कारण तुझं पत्र वाचताना मला सारखे माझे बाबा दिसत होते.

आम्ही निपाणीकडचे. आई तंबाखूच्या वखारीत जायची. ज्यांनी ती वखार आतून बघितलीय त्यांनाच कळेल, दिवसभर चाळणीवर तंबाखू, हवेत खकाणा, तोंडाला फडकं बांधून बायका ओळीनं बसलेल्या, आणि संध्याकाळी आई आली की आधी अर्धा तास नुसती खोकायची. तिच्या पदराला येणारा तो वास अजून माझ्या नाकात आहे. ऐंशीच्या सुमाराला तिथल्या बायका एकत्र आल्या, युनियन झाली, मजुरीसाठी भांडल्या. आई मोर्चाला गेली तेव्हा गल्लीतल्यांनी बाबांना विचारलं, काय हो, बायको हाताबाहेर गेली काय. बाबा आठ दिवस बाहेर चौकात बसायला गेले नाहीत लाजेनं. मजुरी वाढली तेव्हा मात्र वाढलेल्या पैशातून पहिली वस्तू आली ती बाबांच्या चपला.

बाबांना तंबाखूची पारख होती. चिमटीत घेऊन चोळायचे, नाकाजवळ न्यायचे आणि कुठल्या शेतातली ते सांगायचे, लांबलांबून लोक विचारायला यायचे. पण स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते त्यांना माहीत नव्हतं. कधी लागलंच नाही. कुणी शिकवलं नाही, त्यांनी शिकायचं नसतं म्हणून. आई गेली त्यानंतर बाबा सहा वर्षं जगले, माझ्या भावाकडे. वहिनी चांगली आहे, काही कमी केलं नाही तिनं. पण बाबांना दुपारी चारला चहा लागायचा आणि परत साडेपाचला अर्धा कप लागायचा, चाळीस वर्षांची सवय, आई न सांगता द्यायची. सहा वर्षांत त्यांनी तो दुसरा अर्धा कप एकदाही मागितला नाही. स्वतः करता येत नव्हता आणि सुनेकडे मागायला लाज वाटायची. साडेपाच वाजले की स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहायचे, आणि माघारी फिरायचे. मला हे वहिनीनं ते गेल्यावर सांगितलं, तिलाही उशिरा कळलं ते का उभे राहतात. आयुष्यभर घराचे मालक म्हणून जगलेला माणूस शेवटी त्याच घरात पाहुणा होऊन राहिला.

बाईला घरकामाला जुंपल्यानं बाईचं नुकसान होतं हे सगळे बोलतात, ते आहेच. २०२४ च्या सरकारी सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं निघालं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. पावणेपाच तास आणि दीड तास. तुझी आई आणि बायको ह्याशिवाय जनावरांचं करतात, आषाढात पाठीवर प्लास्टिक घेऊन रोप लावणीला वाकतात, आणि त्याच शेतात मजुरीला गेल्या तर गड्यापेक्षा कमी घेऊन येतात, समान कामाला समान पगाराचा कायदा १९७६ सालापासून असूनसुद्धा. पण माझ्या बाबांचं जे नुकसान झालं ते कुठल्या सर्व्हेत येत नाही. तुला मुलगा आहे. त्याला मिठाचा डबा माहीत असू दे.

शाळेच्या नोकरीचं. नऊ हजार कमी आहेत, शाळांनी शिक्षिकांना असं राबवून घेणं मला मान्य नाही, तो वेगळा विषय आहे. पण आज तुझ्या घराला नऊ हजार म्हणजे काय आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि ती शिकलेली आहे रे, ती शाळेत शिकवणार, त्यात लाज ती कसली? लोक म्हणतील. म्हणू देत की. जे लोक म्हणणार आहेत त्यातला एकतरी संघाचा एक हप्ता भरणार आहे का? सावित्रीबाईंची गोष्ट तू शाळेत शिकला असशील, १८४८, पुणे, भिडेवाडा, शेण-दगड. जोतिबांचं एवढं कुणी सांगत नाही. बायको शिकवायला जाते म्हणून लोकांनी त्यांच्या वडिलांचे कान भरले आणि १८४९ ला त्या दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. बायकोला घरी बस म्हणणं त्यांना सोपं होतं. ते नाही म्हणाले. तुला तर कुणी घराबाहेर काढणार नाही, तुला फक्त पारावर दोन दिवस चेष्टा सोसायचीय.

बहिणीवर मला जरा जास्त लिहायचंय, कारण इथे तुझ्याकडून चूक होईल आणि ती परत दुरुस्त करता येत नाही.

कायदा आधी. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क आहे. कर्नाटकानं हे १९९४ लाच लग्न न झालेल्या मुलींसाठी केलं होतं, तुझी बहीण तेव्हा पाळण्यात असेल नाहीतर जन्मायचीसुद्धा असेल. मग ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशात लागू झालं, लग्न झालेल्यांनासुद्धा. तरी कोर्टकज्जे चालूच राहिले, त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे की नको ह्यावर, तेही ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं मिटवलं, जिवंत असण्याची गरज नाही म्हणून. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर रजिस्टर वाटणी झालेली असेल तर गोष्ट वेगळी. आणि बाबांनी स्वतः घेतलेली जमीन असेल, मृत्युपत्र नसेल, तर आई, तू, धाकटा आणि बहीण, चौघांना सारखी. ती चंदगडला दिलीय, महाराष्ट्रात राहते, ह्यानं काही फरक पडत नाही. खानापुरात एखाद्या वकिलाला कागद दाखवून घे, तुझ्या जमिनीचं नेमकं तो सांगेल.

साडेचार लाखांचं म्हणशील. त्यात मांडव किती, जेवणावळ किती, बँड किती, पाहुण्यांना टॉवेल-टोपी किती, आणि तिच्या हातात काय पडलं ते मांडून बघ. गावात आपली मान राहावी म्हणून आपण केलेला खर्च तिच्या वाटणीत कसा धरायचा? आणि हुंडा दिला असशील तर तो देणं-घेणं दोन्ही १९६१ पासून गुन्हा आहे, त्याचा हिशोब तिच्या नावावर लावू नकोस.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीय का बघ. ती माहेरी येते तेव्हा तिच्या बाजूच्या एसटीत तिला अर्धं तिकीट लागतं, १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रानं ते केलंय. आणि ह्या बाजूला आपल्या गाडीत बसली की तुझी बायको फुकट येते आणि तिला मात्र पूर्ण पैसे मोजावे लागतात, कारण तिचं आधार आता महाराष्ट्राचं. ज्या रस्त्यावरून शाळेला गेली त्याच रस्त्यावर ती आता बाहेरची. उताऱ्यावर तिचं नाव नाही, सासरच्या उताऱ्यावर तर नाहीच नाही. मग ती "विचार करून सांगते" म्हणाली तर तिनं काय वाईट केलं? मला तर ती शहाणी वाटली. कन्नडमधला कागद, तिला वाचता येत नाही, भाऊ म्हणतोय इथे सही कर.

आणि हे तर तुला, मला, आपल्या सगळ्या सीमाभागाला आतून कळायला पाहिजे. १९५६ पासून आपण काय म्हणतोय? कागद आम्हाला समजेल अशा भाषेत द्या, आम्हाला न विचारता आमचं ठरवू नका. तू १ नोव्हेंबरला काळी फीत बांधून फेरीत गेला असशील, आम्हीही गेलोय, पुढच्या रांगेत बायकाच असतात. त्यावर लोक आपल्याला काय म्हणतात? "खायला-प्यायला मिळतंय ना, रस्ते आहेत, शाळा आहेत, मग एवढं कशाला ताणता?" हे ऐकलं की तुझ्या पोटात काय होतं ते आठव. बहिणीला तू आत्ता तेच म्हणतोयस. लग्न करून दिलं, सणाला साडी देतो, मग सही कशाला अडवतेस. पोटाला मिळालं म्हणजे हक्क मिटत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं.

धाकट्याचं वाचून मात्र वाईट वाटलं. पाच वर्षं म्हणजे पोरगं आतून किती खचलं असेल. आपल्याकडे गावोगाव हेच आहे, तीस-पस्तिशीचे शेतकरी पोरगे, धडधाकट, निर्व्यसनी, आणि लग्न नाही. आता मुली कुठे गेल्या हे विचारायचं तर उत्तर आपल्यालाच द्यायला लागतं. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या पोरांत हजार मुलग्यांमागे ९२० मुलीसुद्धा भरल्या नाहीत देशात. गर्भ मुलाचा की मुलीचा ते तपासायला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, तरीही. वंशाला दिवा पाहिजे म्हणून ज्यांनी मुली येऊ दिल्या नाहीत त्यांचेच दिवे आज बिनलग्नाचे बसलेत.

आणि ज्या मुली आहेत त्या शेतीला नको म्हणतात असं तू लिहिलंस. मी बऱ्याच मुलींशी बोलते, मला तसं वाटत नाही. त्यांनी आपली आई बघितलेली असते. पहाटे शेण, मग चूल, मग भांगलण, परत चूल, आणि एवढं करून जमीन दुसऱ्याची, पैसा दुसऱ्याच्या हातात, बाजारातून बांगड्या घ्यायच्या तरी विचारायचं. मुलगी शेतीला नको म्हणत नाही, आईसारखं जगायला नको म्हणते. धाकट्यानं बघायला जाताना नुसतं सांगू दे, की मला भाकरी येते, पैशाचा हिशोब दोघांनी ठेवायचा, माझ्या वाट्याच्या जमिनीत तुझंही नाव लावायची माझी तयारी आहे. भाकरी आधी खरंच शिकू दे, खोटं बोलून चालणार नाही. मी लग्न जमेलच असं सांगत नाही, पण समोरची मुलगी मान वर करून बघेल एवढं नक्की. आणि त्याला म्हणावं मला वेगळं पत्र लिही, त्याच्या वतीनं तू लिहिलंस तसं नको.

तर आता तू काय करायचं. आज सुटलास की त्या गेटपाशी थांबू नकोस, सरळ घरी जा. लवकर का आलास म्हणून विचारतील, तेव्हाच सांग. आईसमोर नको वाटलं तर बायकोला एकटीला सांग, पण आज सांग. कुणाकडून किती घेतलंय, मोबाईलच्या ॲपवरचं असेल तर तेही, एका वहीत दोघांनी बसून लिहा. ती चिडेल. पैशासाठी नाही चिडणार, चार महिने सांगितलं नाहीस म्हणून चिडेल, आणि ते ऐकून घे, मधे बोलू नकोस. कुणी वसुलीला येऊन दारात दमदाटी करत असेल तर २०२५ मध्ये कर्नाटकात त्याविरुद्ध कायदा झालाय, सरळ पोलिसात जा.

बहिणीकडे फोनवर बोलू नकोस. रविवारी चंदगडला जा, बायकोला आणि पोराला घेऊन जा, कागद न्यायचाच असेल तर मराठीत लिहून ने. सही मागू नकोस. "तुझा वाटा आहे, तुला काय वाटतं ते सांग" एवढंच विचार आणि गप्प बस. कदाचित ती जमीन मागेल, कदाचित थोडे पैसे मागेल, किंवा नुसतं नाव राहू दे म्हणेल. स्वतःच्या मनानं, समजून-उमजून हक्क सोडला तर तोही तिचाच निर्णय, मग रजिस्टर करून घ्या. पण आधी तुला ऐकावं लागेल.

शाळेत होकार कळवायची तारीख गेली नसेल तर उद्याच कळवायला सांग. ती रुजू होईल त्या दिवशी पोराला अंघोळ घालून, डबा भरून अंगणवाडीत तू सोड आणि मग कामावर जा, थोडं लवकर उठावं लागेल. डब्यात काय द्यायचं आणि मीठ कुठल्या डब्यात आहे ते तिला आदल्या रात्रीच विचारून ठेव.

तुझी,
अक्का